वार्षिक फी असलेलं जुनं क्रेडिट कार्ड: ठेवावं की बंद करावं?

तळटीप
मंडळी, एका खाजगी बँकेचं कार्ड आहे, २०११ सालचं, माझं पहिलंच. लिमिट २,४०,०००. वार्षिक फी १,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७७०. दर मार्चच्या बिलात लागते. वर्षाला ३ लाख खर्च केला तर माफ.
दुसरं कार्ड दुसऱ्या बँकेचं, २०२१ चं, आजीवन मोफत, लिमिट ६०,०००, बहुतेक खरेदीवर दीड टक्का परत मिळतो. महिन्याचा खर्च २५ ते ३० हजार, जवळजवळ सगळा या दुसऱ्यावरच. जुन्यावर विजेचं बिल आणि एक-दोन वर्गण्या, परतावा धरून चाला अर्धा टक्का. त्यावर ८,४०० पॉइंट साठलेत.
दिवाळीच्या सुमारास घर घ्यायचा विचार आहे, म्हणजे गृहकर्ज आलंच. जुनं कार्ड बंद केलं की सिबिल (कर्ज देताना बँका बघतात तो क्रेडिट स्कोअर) पडतो असं जो तो सांगतो. का पडतो ते कुणी सांगत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पुदिना_चटणी
१,७७० मध्ये किती मिसळ येतात तो हिशेब आधी मांडा, उत्तर आपोआप मिळेल. बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुनं_ते_सोनं
सगळ्यात जुनं कार्ड कधीही बंद करू नये. क्रेडिट इतिहासाचं वय त्यावर ठरतं. चौदा-पंधरा वर्षांचा इतिहास १,७७० साठी फेकून देऊ नका.

हिशेबनीस
@जुनं_ते_सोनं, इतिहास फेकला जात नाही हो. नीट बंद केलेलं खातं क्रेडिट अहवालातून पुसलं जात नाही. सिबिलसारख्या क्रेडिट माहिती कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं जपून ठेवायची असते. त्या खात्यासमोर उघडल्याची तारीख, बंद केल्याची तारीख, बाकी शून्य आणि महिनावार परतफेडीचा तक्ता, हे सगळं दिसत राहतं. कर्ज देणारा अधिकारी ते वाचतो. स्कोअरचं नेमकं सूत्र कुठलीच कंपनी उघड करत नाही, त्यामुळे 'अमुक गुण पडतात' असं छातीठोक सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

तळटीप यांच्या बाबतीत खरी अडचण वयाची नाही, लिमिटची आहे. आज दोन्ही कार्डं मिळून ३,००,०००. महिन्याला २७,००० वापरले तर वापर लिमिटच्या ९ टक्के. जुनं बंद केलं की उरले ६०,०००, आणि तेच २७,००० झाले ४५ टक्के. खर्चात एक रुपयाची वाढ नाही, सवय तीच, पण अहवाल वाचणाऱ्याला वाटणार माणूस उधारीवर जगतोय. साधारण ३० टक्क्यांच्या आत राहावं असं म्हणतात ते याच आकड्याबद्दल.

म्हणून क्रम असा: आधी दुसऱ्या कार्डाची लिमिट वाढवून घ्या. किमान ६०,००० ची १,५०,००० झाली तर २७,००० म्हणजे १८ टक्के. मग जुन्याचा विचार. वाढ मिळत नसेल तर गृहकर्जाचे पैसे हातात पडेपर्यंत जुनं कार्ड हलवू नका. १,७७० हा त्या काळाचा विमा समजा. वीस वर्षांच्या कर्जावर व्याजदरात पाव टक्क्याचा फरक पडला तरी त्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

सातारी_कंदी
+१. वय-वय करणाऱ्यांनी ही बेरीज एकदा करून बघावी.

जुनं_ते_सोनं
लिमिटचा मुद्दा मान्य. पण दुसरं कार्ड २०२१ चं म्हणजे जेमतेम काही वर्षांचं. चालू खात्यांमध्ये जुनं एकही उरलं नाही तर अहवाल पातळ दिसतोच. माझा सल्ला कायम: बंद नको, मोफत प्रकारात बदलून मागा.

हिशेबनीस
तो पर्याय चांगलाच आहे, वाद नाही. आधी तोच मागावा.

कोपरगावकर
पण ३ लाख खर्च करून फी माफ का नाही करून घेत? महिन्याला २७ हजार म्हणजे वर्षाचे सव्वातीन लाख होतातच की. सगळा खर्च जुन्यावर वळवा, फी गायब.

हिशेबनीस
गायब फी होईल, सोबत परतावाही. दुसऱ्या कार्डावर दीड टक्का, जुन्यावर अर्धा. ३ लाख इकडून तिकडे नेले की १ टक्का गेला, म्हणजे ३,०००. १,७७० वाचवायला ३,००० घालवायचे. बँकेनं अट उगीच ठेवलेली नसते.

व्हॉल्व्हबॉय
शिवाय त्या ३ लाखांत काय धरतात ते अटींच्या पत्रकात वाचा. पेट्रोल, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, घरभाडं, रोख काढणं, खरेदीचं ईएमआयमध्ये रूपांतर, यातलं बरंच अनेक बँका मोजत नाहीत. काही ठिकाणी वीजबिल आणि विम्याचा हप्ताही बाहेर किंवा मर्यादेत. आणि वर्ष म्हणजे एप्रिल ते मार्च नव्हे, कार्ड दिलं त्या महिन्यापासूनचं वर्ष. लोक ३१ मार्च धरून बसतात आणि दहा हजारांनी हुकतात. परत केलेल्या वस्तूची रक्कमही खर्चातून वजा होते.

पुदिना_चटणी
म्हणजे दसऱ्याला टीव्ही घ्यायचा, माफी मिळाली की परत करायचा, हा माझा प्लॅन बोंबलला.

बॅकऑफिस_बाई
या क्षेत्रातली आहे म्हणून थोडं विस्तारानं.

बंद करायचं की नाही हे ठरवण्याआधी एक फोन करा. 'कार्ड बंद करायचंय, कारण वार्षिक फी' एवढंच सांगा. कॉल बहुधा ग्राहक टिकवणाऱ्या विभागाकडे जातो आणि त्यांच्या स्क्रीनवर तुमच्यासाठी काय देता येईल ते दिसत असतं: पूर्ण फी परत, अर्धी फी परत, साठ किंवा नव्वद दिवसांत अमुक खर्च केला तर परत, किंवा मोफत प्रकारात बदल. पहिला देकार शेवटचा नसतो. फी परत म्हणाले तर जीएसटीसकट का, हे विचारा, नाहीतर १,५०० येतात आणि २७० राहतात. जे ठरेल ते ईमेलवर किंवा एसएमएसवर येईपर्यंत ठरलं असं समजू नका.

प्रकार बदलताना दोन प्रश्न विचारायचेच. एक, खातं तेच राहणार की नवीन उघडणार? खातं तेच राहिलं तर अहवालात २०११ ही तारीख टिकते. काही बँकांत प्रकार बदल म्हणजे चक्क नवा अर्ज असतो, तेव्हा जुनं खातं बंद दाखवलं जातं आणि नव्या चौकशीची (बँकेनं तुमचा अहवाल मागवल्याची) नोंदही पडते. दोन, पॉइंट नव्या कार्डावर जातात की आधी वापरायचे?

आता बंदच करायचं ठरलं तर. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट आणि डेबिट कार्डांबद्दलचे निर्देश आहेत, एप्रिल २०२२ मध्ये निघाले, १ जुलै २०२२ पासून लागू. त्यानुसार सगळी बाकी चुकती असेल तर बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावी लागते. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये दंड, आणि तो तुम्हाला मिळतो. दंड मोजताना कामकाजाचे नव्हे, कॅलेंडरचे दिवस. हेल्पलाइन, ईमेल, आयव्हीआर (फोनवर 'अमुकसाठी एक दाबा' सांगणारी यंत्रणा), वेबसाइटवरची ठळक लिंक, नेटबँकिंग, अ‍ॅप असे मार्ग द्यावे लागतात. पोस्टानं अर्ज पाठवा, असा आग्रह धरता येत नाही.

कोपरगावकर
५०० रोज! मग बँकेनं विसरावंच अशी इच्छा आहे.

बॅकऑफिस_बाई
'बाकी चुकती असेल तर' हे चार शब्द वाचा. ९० टक्के भांडणं तिथेच अडतात असं म्हणण्याचा मोह होतो, आकडा नाही माझ्याकडे, पण अडतात तिथेच. मोठी रक्कम कुणी विसरत नाही. अडतं ते किरकोळ रकमेवर, आणि ती रक्कम तुम्ही पैसे भरल्यानंतर जन्माला येते.

उदाहरण घ्या. पॉइंट वापरले, त्यावर अनेक बँका ९९ रुपये अधिक जीएसटी लावतात, म्हणजे ११६.८२. ते लगेच दिसत नाहीत, पुढच्या बिलात येतात. तुम्ही आज बाकी शून्य करून अर्ज टाकला, चार दिवसांनी ११६.८२ चढले, अर्ज फेटाळला गेला. किंवा मागच्या महिन्यात बिल पूर्ण भरलं नव्हतं. व्याज रोजच्या रोज चढतं, बिल निघाल्यापासून तुम्ही भरेपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. तुमच्या हिशेबी शून्य, त्यांच्या हिशेबी १४३ रुपये. म्हणून पॉइंट वापरा, सगळं भरा, एक पूर्ण बिल शून्याचं येऊ द्या, आणि मगच अर्ज. घाई असेल तर फोनवर 'न लागलेल्या शुल्कासकट बंद करण्याची रक्कम' असं स्पष्ट विचारून तेवढी भरा.

सातारी_कंदी
मग चार रुपये जास्तच भरून टाकले तर?

बॅकऑफिस_बाई
चालतं. जास्तीची रक्कम बँकेनं तुमच्या खात्यात परत करायची असते. फक्त तुमच्या बचत खात्याचा नंबर आणि आयएफएससी त्यांच्याकडे आहे ना ते बघा, नाहीतर त्यासाठी अर्ज रेंगाळतो.

व्हॉल्व्हबॉय
८,४०० पॉइंटांचं काय करावं? दर पंचवीस पैसे धरला तर २,१०० रुपये. म्हणजे यंदाची फी भरून वर उरतात. बिलात वळते केले तर काही बँका दर कमी देतात, व्हाउचर किंवा विमान तिकिटाला जास्त. तीन्ही ठिकाणचा दर ताडून बघा. कार्ड बंद झालं की उरलेले पॉइंट गेले, परत मागता येत नाहीत.

खडूस_काका
एक धोंड सगळे विसरतात: चालू ईएमआय. कार्ड बंद करायचं म्हणजे उरलेलं सगळं मुद्दल एकदम, वर मुदतपूर्व फेडीचं शुल्क, ते बरेचदा ३ टक्क्यांच्या आसपास, वर त्याच्यावर जीएसटी. 'नो कॉस्ट' म्हणून घेतलेला फोन तिथे कॉस्टवाला होतो. हप्ते संपेपर्यंत थांबा.

दुसरं, आपोआप जाणारी बिलं. महावितरण, फास्टॅग, मोबाइल, विम्याचा हप्ता, क्लाउड स्टोरेज. बँकेच्या संकेतस्थळावर ई-मॅन्डेटची (आपोआप पैसे वळते करायला दिलेल्या परवानग्यांची) यादी असते, तिथून एकेक रद्द करून नव्या कार्डावर लावा आणि एक महिना जाऊ द्या. मोबाइलचं बिल नाही गेलं तर दुसऱ्या दिवशी कळतं. विम्याचा हप्ता नाही गेला तर कळतं तेव्हा सवलतीची मुदत संपलेली असते.

तिसरं, परत केलेल्या वस्तूंचे पैसे यायचे असतील तर ते येऊ द्या. बंद खात्यात आलेला परतावा बुडत नाही, पण दुकानदार म्हणतो आम्ही पाठवला, बँक म्हणते खातंच नाही, आणि तुम्ही संदर्भ क्रमांक घेऊन दोघांमध्ये.

पुदिना_चटणी
काका आज खडूस नाहीत, उपयोगी आहेत. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

विमानतळी_पोहे
अवांतर: जुन्या कार्डावर विमानतळाच्या लाउंजमध्ये फुकट प्रवेश आहे का ते कुणी विचारलंच नाही. फी वसूल व्हायचा तोच मार्ग.

खडूस_काका
आता बऱ्याच कार्डांवर लाउंजला मागच्या तिमाहीत अमुक हजार खर्च केल्याची अट आहे. वीजबिलावर चालणाऱ्या कार्डाला लाउंजमध्ये कोण उभं करणार? आणि वर्षातून दोनदा फुकट उपमा खायला १,७७० देणं म्हणजे... असो, नाव घेत नाही कुणाचं.

विमानतळी_पोहे
नाव तर माझंच आहे. धन्यवाद.

चिंचपोकळीकर
मी तर म्हणतो कशाला एवढी उठाठेव. अ‍ॅपमध्ये कार्ड लॉक करा, वापरू नका, वर्षभरानं बँक स्वतःच बंद करते.

बॅकऑफिस_बाई
नका हो असं करू कुणी.

लॉक केल्यानं व्यवहार थांबतात, फी थांबत नाही. वर्षभर न वापरलेल्या कार्डाबद्दल नियम असा आहे की बँकेनं आधी कळवायचं, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर बाकी चुकती असल्यास बंद करायचं. मधल्या काळात मार्चची फी लागली की बाकी तयार. ती भरली नाही की विलंब शुल्क, त्यावर जीएसटी, आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला ४० च्या वर. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त थकलं की ते थकीत म्हणून क्रेडिट कंपन्यांकडे जातं. न वापरलेल्या कार्डामुळे गृहकर्ज अडलेली माणसं असतात ती अशी.

आणि 'ब्लॉक' म्हणजे 'बंद' नव्हे. हरवलं म्हणून ब्लॉक केलं की आठवड्यात नवं कार्ड घरी येतं, खातं चालूच. अर्ज करताना शब्द नेमके वापरा: 'क्रेडिट कार्ड खातं कायमचं बंद करा, पुरवणी कार्डांसकट.'

हिशेबनीस
व्याजावरून आठवलं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्यामुळे '३० च्या वर घेताच येत नाही' हा व्हॉट्सअ‍ॅपी सल्ला आता बाद.

न्यूजर्सीचा_नाना
इकडे अमेरिकेत हीच चर्चा रोज असते. इथल्या फिको स्कोअरमध्ये (इथलं सिबिल म्हणा) चांगल्या स्थितीत बंद झालेलं खातं साधारण दहा वर्षं अहवालात राहतं आणि तोवर त्याचं वय धरलं जातं. म्हणून इथे लोक फीवालं कार्ड बिनफीच्या प्रकारात बदलून ड्रॉवरमध्ये टाकतात. भारतातलं कार्ड मात्र इथल्या अहवालात येत नाही आणि इथलं भारतातल्या अहवालात नाही. परदेशी जाताना जुनं भारतीय कार्ड 'इतिहासासाठी' ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. भारतातला नंबर बंद झाला की ओटीपी येत नाही, आणि मग ते बंद करणंही डोकेदुखी.

माजघर
मुदत ठेवीवर घेतलेलं कार्ड असेल तर? आमच्या आईंच्या नावावर तसं आहे.

बॅकऑफिस_बाई
कार्ड बंद झाल्यावर ठेवीवरचा बोजा काढला का ते पासबुकात किंवा नेटबँकिंगमध्ये बघा. कार्ड विभाग आणि शाखा वेगवेगळ्या असतात, बोजा आपोआप उतरेलच असं नाही. तो असेपर्यंत ठेव मोडता येत नाही.

खडूस_काका
आणि माजघर, आईंना सांगा: कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधायचा नाही. कार्डाच्या मागे छापलेलाच लावायचा. 'कार्ड बंद करायला ही फाइल मोबाइलवर टाका' असं कुणी म्हणालं तर तो चोर. कार्ड बंद करायला ओटीपी कुणालाही तोंडी सांगावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

सातारी_कंदी
बंद झाल्याचं पक्कं कधी समजायचं? एसएमएस आला की झालं?

हिशेबनीस
एसएमएस, ईमेल, आणि बाकी नसल्याचं पत्र. पत्र मागून घ्या आणि ते ईमेलमध्येच राहू द्या. बँकेनं ३० दिवसांत क्रेडिट कंपन्यांना कळवायचं असतं. म्हणून सव्वा-दीड महिन्यानं अहवाल काढा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चौघांकडून प्रत्येकी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो, चौघांकडे बघा. त्या खात्यासमोर बंद झाल्याची तारीख हवी, बाकी शून्य हवी.

तिथे 'सेटल्ड' असा शेरा दिसला तर ताबडतोब हरकत घ्या. थोडक्या रकमेवर वाद झाला आणि वसुलीवाला म्हणाला 'निम्मे भरा, मिटवून टाकू', की बहुधा हाच शेरा येतो. गृहकर्जाला तो 'क्लोज्ड'पेक्षा कितीतरी वाईट. वादाची रक्कम ३००-४०० असेल तर भरा, कार्ड बंद करा, आणि भांडण नंतर चालू ठेवा.

हरकत ऑनलाइन घेता येते, पैसे पडत नाहीत. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. बँकेनंच दाद दिली नाही तर लेखी तक्रार, ३० दिवस वाट, आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तेही ऑनलाइन आणि मोफत. तक्रारीचा क्रमांक नसेल तर तिथे काही चालत नाही, म्हणून पहिल्या फोनपासून क्रमांक लिहून ठेवा.

तळटीप
सगळ्यांचे आभार. एवढं समजलं: आधी मोफत प्रकारात बदल मागतो, खातं तेच राहणार असेल तरच. नाही म्हणाले तर दुसऱ्या कार्डाची लिमिट वाढवायचा अर्ज. तीही नाही वाढली तर यंदाची फी पॉइंटांतून वळती करून कर्ज होईपर्यंत थांबतो.
एक शंका राहिली. दुसऱ्या कार्डावर वापर कमी दिसावा म्हणून बिल निघायच्या आधीच पैसे भरले तर?

हिशेबनीस
उपयोग होतो. २७,००० पैकी २०,००० बिलाच्या दोन दिवस आधी भरले तर बिलावर ७,००० दिसतील, ६०,००० च्या लिमिटवर १२ टक्क्यांच्या आत. पण १ जानेवारी २०२५ पासून बँकांकडून क्रेडिट कंपन्यांना माहिती महिन्यातून दोनदा जाऊ लागली, १५ तारखेची आणि महिनाअखेरची. बिलाची तारीख आणि या तारखा जुळतीलच असं नाही. तुमची बँक त्या दिवसाची बाकी पाठवते की शेवटच्या बिलाची, हे बँकेगणिक वेगळं. अहवाल काढा, त्यातला आकडा तुमच्या कुठल्या बिलाशी जुळतो ते बघा, म्हणजे कळेल. अर्जाच्या आधीचे दोन-तीन महिने १३-१४ तारखेला आणि २८ च्या सुमारास असं दोनदा भरून टाका, बऱ्याच शक्यता झाकल्या जातात.

जुनं_ते_सोनं
आणि लिमिट वाढवताना 'नवीन चौकशी पडणार का' हे विचारा. स्वतःहून मागितली तर काही बँका अहवाल काढतात. बँकेनं आपणहून अ‍ॅपमध्ये दिलेली वाढ असेल तर फक्त संमती द्यायची. तुमच्या संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही, त्यामुळे तो देकार कुठेतरी नोटिफिकेशनमध्ये पडून असेल, आधी तिथे बघा.

पुदिना_चटणी
बघितलं. माझ्या नोटिफिकेशनमध्ये तीन वैयक्तिक कर्जं, एक सोन्याचं नाणं आणि एक 'प्रिय ग्राहक' आहे. लिमिट कुठाय?

जुनं_ते_सोनं
'कार्ड सेवा' या मेन्यूत बघा, घंटीवर नव्हे.